८०० साड्या, ४,००० फोटो: दुकानाच्या एपीआयमधून फोटो चढतात कसे

लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या साडीच्या दुकानाने ठरवलं की आता ऑनलाइनही विकायचं. समजा माल ८०० साड्यांचा आणि प्रत्येकीचे पाच फोटो: पूर्ण साडी, पदर, काठ, ब्लाउजपीस आणि जवळून दिसणारी वीण. झाले ४,००० फोटो. वेबसाइटच्या ॲडमिन पानावर साडी उघडायची, फोटो जोडायच्या बटणावर क्लिक करायचं, फाइल शोधायची, चढेपर्यंत थांबायचं, सेव्ह करायचं. एका फोटोला अर्धा मिनिट धरलं तरी ३३ तास होतात. "त्यात काय, आठवडाभर एक पोरगा बसवतो," असं मालक म्हणतात, आणि पहिल्या खेपेपुरता तो हिशेब चुकीचाही नसतो. पण दसऱ्याला नवा माल येतो, जुना विकला जातो, मग कुणाला तरी सगळे फोटो पांढऱ्या पडद्यावर हवे असतात, आणि पोरगा परत बसतो. हे चक्र सुरू झालं की एपीआयचा विचार करायचा.

दुकानाला गिऱ्हाइकांसाठी दर्शनी दार असतं आणि गल्लीच्या बाजूला माल उतरवायचं मागचं दार असतं. एपीआय म्हणजे वेबसाइटचं ते मागचं दार. तिथे बटणं नाहीत, रंगरंगोटी नाही. ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या साच्यात तुमचा प्रोग्राम विनंती पाठवतो आणि उत्तरही साच्यातच येतं: फोटो मिळाला, त्याला अमुक आयडी दिला, तो तमुक पत्त्यावर ठेवला. आत येणाऱ्याकडे किल्ली लागते, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती एचटीटीपीएसवरूनच, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशा जोडणीवरूनच पाठवायची, प्रोग्रामच्या मजकुरात लिहून ठेवायची नाही आणि व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही. किल्लीबद्दल एवढं पुरे.

फोटो पाठवणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा-पंधरा ओळींत होतो. कुठला फोटो कुठल्या साडीचा हे ठरवणं, आणि अर्ध्यात बंद पडलेलं काम दुसऱ्यांदा निर्धास्तपणे सुरू करता येणं, ही दोन खरी कामं. त्यांच्याकडे लक्ष न देता थेट कोड लिहायला बसणारे बरेच भेटतात.

आधी चिठ्ठीचा फोटो

दुकानातून फोटो येतात कसे ते पाहिलं की अर्धी अडचण कळते. मॅनेजरने फोनवर काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि त्याचं मूळ नावही पुसतं. मग नावात तारीख, 'डब्ल्यूए' ही अक्षरं आणि एक क्रमांक एवढंच उरतं. त्यावरून साडी नारायणपेठ की इरकल, हे कुठलाही प्रोग्राम सांगू शकत नाही. (फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. दुकानात एवढं जरी सांगितलं तरी पुष्कळ त्रास वाचतो.)

प्रोग्रामला हवी असते अशी एक खूण, जी फाइलवरही आहे आणि वेबसाइटवरच्या साडीवरही. ती खूण म्हणजे एसकेयू, दुकानाच्या भाषेत डिझाइन नंबर किंवा चिठ्ठीवरचा कोड. फाइलच्या नावात आधी कोड, मग आडवी रेघ, मग फोटोचा क्रम ठेवला, तर 'पीटी०४१२-१' म्हणजे पीटी०४१२ या साडीचा पहिला फोटो हे प्रोग्राम स्वतःच ओळखतो. तो एपीआयला विचारतो, या कोडची वस्तू कुठली; एपीआय तिचा आतला आयडी सांगतो; पुढचा सगळा व्यवहार त्या आयडीवर चालतो.

पण ४,००० फायलींना नावं देणार कोण? इथे एक साधी युक्ती आहे, आणि तिच्यापुढे मला महागडं सॉफ्टवेअर नको वाटतं. साडीला बारकोडची चिठ्ठी बहुधा असतेच. फोटो काढणाऱ्याला एवढंच सांगायचं: प्रत्येक साडीचा पहिला फोटो तिच्या चिठ्ठीचा, मग साडीचे. नंतर एक छोटा प्रोग्राम सगळे फोटो काढल्याच्या वेळेच्या क्रमाने उघडत जातो. बारकोड दिसला की नवी साडी सुरू; पुढचा बारकोड येईपर्यंतचे सगळे फोटो त्या कोडच्या नावावर. नावाच्या क्रमाने लावू नका, कारण कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो आणि शेवटच्या साड्या सुरुवातीला जाऊन बसतात. दोन फोनवर काम चाललं असेल तर दोघांची फोल्डरं वेगळी ठेवा, नाहीतर एकाची चिठ्ठी आणि दुसऱ्याचा पदर असा घोळ होतो. आणि ज्या गटात पाचऐवजी एक किंवा अकरा फोटो निघतील, तो गट प्रोग्रामने बाजूला काढून माणसाला दाखवायचा. बहुतेक वेळा तिथे चिठ्ठीचा फोटो हललेला असतो.

फाइलचं नाव देवनागरीत ठेवायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर नको; वरचं 'पीटी०४१२-१'ही प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच लिहायचं. फाइलचं नाव फोटोच्या वेब पत्त्यात येतं, आणि वेब पत्ता पाठवताना देवनागरी जशीच्या तशी जात नाही. 'पैठणी'त संगणकाच्या लेखी पाच चिन्हं आहेत: प, दोन मात्रांची मिळून एक खूण, ठ, ण आणि वेलांटी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १५. आणि पत्त्यात एकेक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे ४५. चालतं, पण मध्ये कुठलं तरी जुनं प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडलेला छोटा प्रोग्राम, असलं की अडतं, आणि कुठे अडलं ते शोधताना डोळे दुखतात. मराठी वापरा ती ऑल्ट टेक्स्टमध्ये. फोटो उघडला नाही तर तिथे दिसणारं, आणि अंध व्यक्तीला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते वर्णन म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. 'डाळिंबी पैठणी, मोरपंखी काठ, पदरावर मोर' एवढी ओळ फोटोबरोबरच एपीआयमधून पाठवता येते.

पाठवण्याआधी फोटोचं काय करायचं

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. तो चार एमबीचा धरला तर ४,००० फोटो म्हणजे १६ जीबी. अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल तर साडेतीन तास नुसते वाहतुकीत गेले. लांब बाजू २०४८ ठिपक्यांवर आणली, जेपीईजीचा दर्जा ८०च्या आसपास ठेवला आणि फोटो सरासरी ४०० केबीचा झाला, तर तेच काम वीसेक मिनिटांत उरकतं. जरीचं बारीक काम असलेले फोटो थोडे जड राहतात, त्यांना राहू द्या. गिऱ्हाईक झूम करून तेच तर बघतं.

लहान करायला आणखी एक कारण आहे. शॉपिफाय ही ऑनलाइन दुकानाची तयार सेवा वस्तूचा फोटो २० एमबी आणि २५ मेगापिक्सेलपर्यंत घेतं, तिथे सहसा अडचण नाही. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या प्रणालीवर चालणाऱ्या वूकॉमर्स या दुकानाच्या प्लगइनचं तसं नाही. तिथे मर्यादा तुमच्या होस्टिंगची, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या सर्व्हरची असते. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे त्या पीएचपीमध्ये अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी आहे आणि एनजिनएक्स सर्व्हरची मूळ मर्यादा तर १ एमबी. ती कुणी वाढवली नसेल तर चार एमबीचा फोटो दारातूनच परत येतो. एनजिनएक्स ४१३ हा आकडा दाखवतो, म्हणजे 'एवढं मोठं ओझं घेत नाही'. वर्डप्रेस स्वतः २०१९च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० ठिपक्यांपेक्षा मोठा फोटो लहान करून वापरतं, पण त्यासाठी फोटो आधी आत तर यायला हवा.

मग आडवे-उभे. फोन उभा धरला तरी आतला सेन्सर काही फिरत नाही. बरेच फोन फोटो आडवाच साठवतात आणि सोबत एक्झिफ नावाच्या माहितीत टीप ठेवतात, 'दाखवताना फिरवा'. ही टीप १ ते ८ यांपैकी एक आकडा असते. ६ म्हणजे उजवीकडे ९० अंश. एक्झिफ पुसून टाकली की टीपही गेली, आणि नेसवलेली साडी वेबसाइटवर आडवी झोपते. एक्झिफ ठेवावी म्हणाल तर तिच्यात फोटो काढल्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, म्हणजे गोदामाचा किंवा घराचा पत्ता. तेव्हा आधी फोटो खरोखर फिरवायचा, मग एक्झिफ काढायची. पायथनच्या पिलो लायब्ररीत हे फिरवण्याचं काम एका ओळीचं आहे.

साडीच्या धंद्यात सगळ्यात महागात पडतो तो रंग. आयफोन ७ पासूनचे आयफोन फोटो 'डिस्प्ले पी३' या रंगपटात काढतात. तो वेबवर गृहीत धरल्या जाणाऱ्या एसआरजीबीपेक्षा मोठा आहे. फाइलमध्ये रंगांचे आकडे असतात आणि ते आकडे कुठल्या रंगपटातले, हे सांगणारी एक पुरवणी असते: कलर प्रोफाइल. फाइल हलकी करणारी बरीच साधनं एक्झिफबरोबर ही पुरवणीही उडवतात. मग ब्राउझर पी३चे आकडे एसआरजीबी समजून वाचतो आणि दुकानात झळझळणारा राणी रंग वेबसाइटवर चार धुण्यांनंतरचा दिसतो. फोटो काढणाऱ्याच्या फोनवर मात्र सगळं ठीक असतं, त्यामुळे दोष कुणाचा यावर दुकानात अर्धा दिवस वाद होतो. उपाय क्रमात आहे: आधी रंग एसआरजीबीत रूपांतरित करायचे, मगच प्रोफाइल काढायची. छापखान्यासाठी केलेल्या कॅटलॉगमधले फोटो वापरणार असाल तर तेही तपासा. ते छपाईच्या चार शाईरंगांत, सीएमवायकेमध्ये असतात आणि वेबवर भलतेच दिसू शकतात. ट्यूबलाइटखाली काढलेल्या चिंतामणी रंगाचं मात्र कुठलाही प्रोग्राम काही करू शकत नाही. त्याला खिडकीजवळच न्यायला हवं.

आयफोनचे फोटो २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, एचईआयसी प्रकारात साठवलेले असू शकतात. त्यांच्या नावापुढे नुसतं 'जेपीजी' लावून भागत नाही. चांगला सर्व्हर नाव न बघता फाइलचे पहिले बाइट बघतो. जेपीईजीची सुरुवात नेहमी 'एफएफ डी८ एफएफ' अशी असते. ती नसेल तर फाइल जेपीईजी नाही.

फोटो न्यायच्या वाटा

पहिल्या वाटेत फोटोचे बाइट तुम्हीच पाठवता. 'मल्टिपार्ट' साच्यात एकाच विनंतीत फाइल आणि तिची माहिती असे भाग असतात आणि दोन भागांमध्ये एक ठरावीक ओळ कुंपणासारखी टाकलेली असते. काही एपीआय फोटो बेस६४ करून मागतात, म्हणजे बाइटांचं रूपांतर साध्या अक्षरांत. त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणून ओझं एक तृतीयांशाने वाढतं. तीन एमबीचा फोटो चार एमबीचा होतो. एखाद-दुसऱ्या फोटोला ठीक, हजारोंना नको.

दुसऱ्या वाटेत तुम्ही फक्त फोटोचा पत्ता देता आणि दुकानाचा सर्व्हर तिथे जाऊन फोटो उचलून आणतो. वूकॉमर्सचा एपीआय वस्तूच्या माहितीत फोटोंची यादी घेतो, त्यात असे पत्ते चालतात. कोड सोपा, पण पत्ता खरोखर फोटोचा हवा. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक दिली जाते आणि चालत नाही, कारण ती फोटो दाखवणारं एक पान उघडते, फोटो देत नाही. तुमच्या लॅपटॉपवरचा पत्ताही उपयोगाचा नाही. दूरच्या सर्व्हरला तुमचा लॅपटॉप दिसत नाही.

वूकॉमर्समधली एक खोच नीट समजून घ्या. फोटोंची यादी नेहमी पूर्ण यादी समजली जाते. साडीला पाच फोटो आहेत आणि तुम्ही सहावा जोडायला फक्त सहावाच पाठवलात, तर आधीचे पाच साडीपासून सुटतात. ते ठेवायचे तर यादीत त्यांचे आयडी द्यायचे आणि शेवटी नवा. यादीतला पहिला फोटो मुख्य फोटो होतो, म्हणून क्रमही तुमच्याच हातात. बाइट थेट पाठवायचे असतील तर वर्डप्रेसच्या मीडिया विभागाच्या एपीआयकडे जावं लागतं. तिथे वूकॉमर्सची किल्ली चालत नाही, २०२०च्या ५.६ आवृत्तीत आलेला ॲप्लिकेशन पासवर्ड लागतो. 'किल्ली बरोबर आहे तरी ४०१, म्हणजे ओळख पटली नाही, असं का येतंय' याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

शॉपिफायमध्ये तीन पायऱ्या आहेत. आधी विचारायचं, 'अमुक नावाची, एवढ्या आकाराची फाइल पाठवायची आहे, कुठे ठेवू?' ते एक तात्पुरता पत्ता देतात. त्यावर बाइट पाठवायचे. मग सांगायचं, 'तिथे ठेवलेला फोटो या साडीला जोडा.' हे सगळं ग्राफक्यूएल पद्धतीच्या एपीआयमधून. जुना रेस्ट पद्धतीचा ॲडमिन एपीआय शॉपिफायने १ ऑक्टोबर २०२४ पासून कालबाह्य ठरवला आहे, त्यामुळे जुन्या लेखांतला कोड उचलताना तारीख बघा. जोडा म्हटलं आणि होकार आला, तरी फोटो लगेच दिसतो असं नाही. त्यांच्याकडे तो आधी प्रक्रियेत असतो, मग तयार होतो किंवा नापास होतो. प्रोग्रामने काही सेकंदांनी पुन्हा विचारून खात्री करायची. होकार मिळाला म्हणून काम संपलं समजणारे प्रोग्राम इथे गप्पकन फसतात. पडद्यावर सगळं हिरवं आणि वेबसाइटवर राखाडी चौकोन.

उत्तर आलंच नाही तर

आता खरी गंमत. साडी क्रमांक ३१७. प्रोग्रामने फोटो पाठवला, साठ सेकंद वाट पाहिली, उत्तर नाही, जोडणी तुटली. फोटो पोचला की नाही? दोन्ही शक्य आहे. विनंती वाटेतच हरवली असेल. किंवा फोटो व्यवस्थित साठवला गेला आणि फक्त 'मिळाला' हे उत्तर हरवलं असेल. तुमच्या बाजूने दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

बिनदिक्कत पुन्हा पाठवला तर? वर्डप्रेसमध्ये त्याच नावाची फाइल आधीच असेल तर नव्या फाइलच्या नावापुढे १ लागतो, तिसऱ्यांदा २. तक्रार येत नाही. तीन-चार वेळा स्क्रिप्ट चालवली की मीडिया विभागात एकाच पदराच्या चार प्रती, प्रत्येकीच्या वेगवेगळ्या मापांच्या लहान प्रती वेगळ्या, आणि होस्टिंगवाल्याचा 'जागा संपत आली' असा मेल.

म्हणून प्रोग्रामजवळ एक नोंदवही हवी. साधी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला तक्ता, चालते. साडीचा कोड, फाइलचं नाव, फाइलचा हॅश, ऑनलाइन दुकानाकडून मिळालेला आयडी, आणि स्थिती. हॅश म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर ६४ अक्षरांचा. नाव बदललं तरी ठसा तोच राहतो, आणि फोटोत एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. पाठवण्याआधी वही बघायची: याच कोडखाली हाच ठसा 'झालं' म्हणून नोंदलेला आहे का? असेल तर पुढे चला. 'पाठवतोय' असं लिहून अर्धवट राहिलेला असेल, तर आंधळेपणाने पुन्हा न पाठवता आधी ऑनलाइन दुकानालाच विचारायचं की या साडीवर किंवा मीडिया विभागात या नावाचा फोटो आहे का. असेल तर त्याचा आयडी वहीत लिहायचा, नसेल तरच पाठवायचा. आणि नोंद प्रत्येक फोटोनंतर लगेच करायची. सगळं संपल्यावर एकदम लिहू म्हणालात तर वीज नेमकी ३,९०० व्या फोटोला जाते.

अशी वही असली की प्रोग्राम कितीदाही चालवा. दुपारी चालवा, मध्येच बंद करा, रात्री पुन्हा लावा, तो राहिलेलं तेवढंच उचलतो. मला कुणी अशी स्क्रिप्ट दाखवायला आणली तर मी कोड न वाचता आधी ती लागोपाठ दोनदा चालवायला सांगतो. दुसऱ्यांदा तिने काहीच पाठवलं नाही, तर पुढचं बोलू.

घाईचाही एक भाग आहे. प्रत्येक ऑनलाइन दुकान सेकंदाला ठरावीकच विनंत्या घेतं. जास्त झाल्या की ४२९, म्हणजे 'जरा दमानं'. उत्तरासोबत किती सेकंद थांबायचं तेही बहुधा सांगितलेलं असतं, ते पाळायचं. सांगितलं नसेल तर एक, दोन, चार, आठ सेकंद असं वाढवत जायचं. ५००च्या घरातले आकडे आले तर चूक समोरच्या सर्व्हरची, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. ४०० ते ४९९ मधला ४२९ सोडून दुसरा कुठला आकडा आला तर सहसा आपलंच काही तरी चुकलेलं असतं. तेच दहादा पाठवून उत्तर बदलत नाही. वूकॉमर्स एका गठ्ठ्यात १०० वस्तूंपर्यंत घेतं, पण प्रत्येकीसोबत पाच पत्ते दिले तर सर्व्हरला ५०० फोटो उचलून प्रत्येकाच्या लहान प्रती बनवायच्या आहेत, आणि तो मध्येच दम तोडतो. फोटोंसाठी पाच-दहाचा गठ्ठा बरा.

साडी विकली गेल्यावरचं कुणी आधी विचारात घेत नाही. हातमागाची पैठणी बहुधा एकच नग असते; विकली की पान काढायचं. वूकॉमर्समध्ये वस्तू काढली म्हणून तिचे फोटो निघत नाहीत, ते मीडिया विभागात तसेच पडून राहतात. ते वेगळ्या विनंतीने, आयडी देऊन काढावे लागतात; वर्डप्रेसमध्ये मीडियाला मुळात कचरापेटी नसते, त्यामुळे 'कायमचं काढा' असं विनंतीत स्पष्ट लिहावं लागतं आणि काढलेलं परत येत नाही. आयडी वहीत आहेतच. फक्त काढण्याआधी तोच आयडी दुसऱ्या कुठल्या साडीच्या ओळीत तर नाही ना, ते बघायचं. एकच ब्लाउजपीसचा फोटो दहा साड्यांना लावलेला असतो.